देव्हाऱ्यात झोपणारी बॅटरी

केनवडच्या बाजारात मारोतरावांच्या सेवा केंद्रासमोर त्या दुपारी इतकी माणसं जमली होती, की आतल्याला बाहेर येता येईना. आत टेबलावर जुना लॅपटॉप. झाकणाला हळदकुंकू, कीबोर्डवर लिंबू, समोर अनसिंगहून आलेले हरीओम महाराज. केंद्रात काम करणारी वर्षाराणी मात्र दाराबाहेर, एकटी उभी केलेली.

"यंत्र म्हंजे देह," महाराज म्हणाले. "प्रोसेसर म्हंजे आत्मा. तुमी आत्मा बदलला, पन शांती नाई केली! त्यात बाईचा हात जड. आता थे लांब हाये. मी बटन दाबतो, पाहा."

त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला. ना आवाज, ना इशारा. "अरे बाप्पा!" गर्दी पुटपुटली.

या चमत्काराचा व्हिडिओ मीच काढला. मी दैनिकाचा वार्ताहर. गेल्या वर्षी अंधश्रद्धेवर पाच भागांची लेखमाला लिहिली होती. लोकांनी ती वाचली नसावी. मीही नीट वाचली नसावी.

प्रकरण आठ दिवसांपूर्वीचं. लॅपटॉप फार रेंगाळायचा, म्हणून मारोतरावांनी वाशीमहून जरा वेगवान, जुनाच प्रोसेसर आणला. बसवायला मी पुढं झालो. दोन व्हिडिओ पाहिले होते. आमच्या धंद्यात तेवढ्यावर तज्ज्ञ होता येतं. तासाभरात काम फत्ते. मी चहा घेतला, कौतुकही घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून जवळपास रोज सकाळी सव्वानऊला वर्षाराणीनं बटण दाबलं, की यंत्र तीनदा पिप् करायचं आणि पडद्यावर इंग्रजी पाटी यायची: नवा प्रोसेसर दिसतो आहे, जुनी नोंद सापडत नाही, तारीख ठरवा. तारीख थेट २००८ सालची. तेवढ्यानं सरकारी संकेतस्थळ उघडेना. ती तारीख नीट करी, तोवर रांग कुरकुरे. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मारोतराव शेतातून येऊन तेच बटण दाबत, तेव्हा मात्र यंत्र गप्प.

"तिचा हातच तसा," रांगेतल्या आवडाबाईंनी निकाल दिला. "नवरा गेला, आता मशीन."

गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ लागलं. मारोतरावांनी वर्षाराणीला सांगितलं, "सोमवारपासून नोको येऊ, बाई." घरात सासू आणि शाळेतली मुलगी, कमावणारी ती एकटी.

खरं सांगायचं तर महाराजांनी दोष तिच्या हातावर ठेवला तेव्हा मला हायसं वाटलं. दोषाला उभं राहायला दुसरी एकच जागा होती: माझे हात.

लोक पाया पडू लागले, तेवढ्यात वर्षाराणी दारातून आत आली. तिच्याजवळ वहीचं पान होतं.

"महाराज, दुपारचा मुहूर्त कोनं काढला?"

"आमीच."

"काकांनी तुमाले आधीच सांगतलं होतं ना, का दुपारी पिप् होत नाई म्हून?"

मारोतरावांनी मान खाली घातली. सांगितलं होतं.

"मी आठ दिस लिहून ठेवलं हाये," ती म्हणाली. "कवा चालू केलं, कोनं केलं, पिप् झालं का नाई. शनिवारी सकाळी मीच चालू केलं. पिप् नाई झालं. काहून? शुक्रवारी काका लग्नाले गेले होते. बॅटरी मशीनमंदीच राह्यली."

इथं मारोतरावांची रीत सांगायला हवी. संध्याकाळी ते मेन स्विच बंद करत, लॅपटॉपची बॅटरी काढत आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवत. ज्यावर पोट चालतं ते रात्री देवाजवळ असावं. त्यांच्या वडिलांचा तराजूही तिथंच झोपायचा. सकाळी वर्षाराणी बॅटरी आणून परत बसवी.

"आता तुमीच बॅटरी काढा, महाराज. पाच मिनटं थांबा. मंग बसवा अन् तुमच्याच हातानं चालू करा."

"मुहूर्त टळला," महाराज म्हणाले.

"आत्ता तं होता ना!" मागून रांगेतला चंपत ओरडला. लोक हसले, आणि हसलेल्या गर्दीतून महाराजांना निघता येईना.

बॅटरी निघाली. प्लगही निघाला. पाच मिनिटांनी महाराजांनी बटण दाबलं. पिप्, पिप्, पिप्. २००८.

"महाराज," चंपत म्हणाला, "तुमचा बी हात तसाच निंगाला!"

वर्षाराणी माझ्याकडं वळली. "विकासभाऊ, झाकण तुमी लावलं होतं. आतलं काई उरलं का?"

मी पिशवी चाचपली. उरलं होतं. कॅमेऱ्याच्या पिशवीच्या बाजूच्या खिशात, आठ दिवसांपासून: वायर जोडलेला, घड्याळात असतो तसा बटन सेल. जुन्या प्रोसेसरचं काहीतरी असेल, असं मी समजलो होतो. यंत्र बंद असतानाही तारीख आणि आतल्या भागांची नोंद तोच जपतो. तो नव्हता, म्हणून ही नोंद मोठ्या बॅटरीवर टिकायची. बॅटरी देव्हाऱ्यात गेली, की यंत्र सगळं विसरायचं आणि सकाळी नवा प्रोसेसर पाहून दचकायचं.

झाकण उघडून मी सेल जोडला. एकदा पाटी आली. वर्षाराणीनं तारीख नीट केली. मग पुन्हा बॅटरी काढली, पाच मिनिटं थांबलो, बसवली. या वेळी बटण तिनं दाबलं. यंत्र गप्प. तारीख आजची. तोवर महाराज निघून गेले होते. लिंबू तेवढं राहिलं.

"सोमवारी ये, बाई," मारोतराव म्हणाले.

"येईन. पन आधी सगळ्यायसमोर सांगा, मशीन कोनं बिघडवलं."

मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, माझ्या नावासकट. रांगेत पहिला नंबर आवडाबाईंनीच लावला.

व्हिडिओ मी पुसला नाही. बातमीसोबत तोच दिला, चूक कुणाची हे पहिल्या ओळीत लिहून. वाचकांना एवढंच सांगणं आहे: यंत्र कुरकुरलं तर पाटीवर काय लिहिलंय ते वाचा. कधी घडतं, कधी घडत नाही, ते लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. आणि कुणाच्या हाताला अपशकुनी म्हणण्याआधी आपला खिसा तपासा.