पंप खलाशाचा खिमा

बुधवार, सायंकाळी ६:१०. खिमा अर्धा किलो. चाळणीत धुतला.
६:२०. खिमा पाव किलो.

एवढं लिहून देवरावांनी पेनला टोपण लावलं. उमरेडकडच्या कोळसा खाणीत ते अडतीस वर्षं पंप खलाशी होते. खाणीत साचलेलं पाणी बाहेर काढायचं आणि तासातासाला वहीत नोंद करायची: वेळ, दाब, पाण्याची पातळी, शेरा. निवृत्त होऊन नागपुरात घर बांधलं, तरी वहीची सवय गेली नाही. बायकोचं, सिंधूताईंचं, उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेल्यापासून ती वही स्वयंपाकघरात आली आणि मिसळणाच्या डब्याला टेकून उभी राहू लागली.

उरलेला पाव किलो मोरीत गेला होता.

"खिमा धुवायचा नसतो वाटते," देवराव म्हणाले.

"मटण आधी धुवायचं, मंग त्याचा खिमा काढायले सांगायचं." सिंधूताई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, हात उशीवर.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही चाळणी घेतली तं मले वाटलं, पीठ चाळून राहिले."

उरलं त्यात दोन आलू चिरून टाकले. जेवण झालं. सिंधूताईंनी डाव्या हाताने अर्धी पोळी खाल्ली आणि ताट सरकवलं. हात मोडल्यापासून त्या अर्ध्याच पोळीवर होत्या.

शेरा: आलूने निभावलं.

गुरुवारी कामिनीचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिने स्वयंपाकाला बाई ठरवली होती. शोभाताई नावाच्या, हाताला चव असलेल्या, वेळेच्या पक्क्या. फक्त त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बड्याला, म्हणजे म्हशीच्या मटणाला, त्या हात लावणार नाहीत आणि त्याच्या भांड्यालाही नाही.

"त्याह्यचं त्याह्यच्यापाशी," देवराव म्हणाले. "पण आपला रविवार?"

या घरात रविवार संध्याकाळ म्हणजे बड्याचा खिमा. खाणीच्या क्वार्टरमध्ये लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सिंधूताईंनी तो केला आणि तेव्हापासून करत आल्या. पोरांच्या परीक्षा असोत, पाहुणे असोत, घरात कोणी रुसलेलं असो, कढई एकच. कधी मटार, कधी चण्याची डाळ, घाईच्या दिवशी सरळ भातातच. आता दुसरं कोणी येऊन त्यांच्या ओट्यापाशी उभं राहणार, त्यांचे डबे उघडणार. सिंधूताईंनी डाव्या हाताने मिसळणाचा डबा आत सरकवला. ते पाहून देवरावांना काळजी वाटली.

"बाबा, असं करू," कामिनी म्हणाली. "रविवारी मी आन पायल येतो. तुम्ही एकट्याने खिमा करा. आई ओट्यापाशी येणार नाही, एक शब्द बोलणार नाही. खाण्यासारखा झाला तं शोभाताईले नाही म्हणून सांगते. नाही तं सोमवारपासून त्या."

"मंजूर."

शुक्रवार. कांदा. जळला.
शनिवार. कांदा. जळला नाही.

रविवार, ४:३०. दुकान.

"बाबूजी, आज आप? ताई किधर?"

"ताई सुट्टीवर. पहले धोना, फिर खिमा निकालना. मेरे सामने."

दुकानदार हसला. पण धुतलं, आणि यंत्रातून खिमा त्यांच्या डोळ्यांसमोर काढला.

६:००. कढई. तेल दोन पळ्या. कांदा.
६:१२. आलं-लसूण. हळद, तिखट.
६:१५. खिमा टाकला. गुठळ्या फोडल्या.

कामिनी आणि तिची अकरा वर्षांची पायल आल्या होत्या. पायलने वही हातात घेऊन दाराशी जागा धरली होती. मांडीवर ताटली, तिच्यात पाण्याचा पेला आणि चव पाहायला चमचा ठेवून सिंधूताई खुर्चीत, ठरल्याप्रमाणे गप्प.

खिम्याला पाणी सुटलं, मग ते आटत आलं. कढईतला आवाज बदलला. बुडबुड थांबून चर्र सुरू झालं आणि देवरावांची मान ताठ झाली. हा आवाज ते अडतीस वर्षं ओळखत होते. पंपात पाणी संपलं की असाच आवाज येतो, आणि कोरडा पंप मिनिटात जळतो. त्यांनी विचार केला नाही. हात माठाकडे गेला, गडवा भरला, तिरपा झाला. पहिली धार कढईत पडली.

टण.

सिंधूताईंनी चमचा ताटलीवर मारला होता. एकदाच.

देवरावांचा हात जागच्या जागी थांबला. खाणीत वरून मुकादम टांगलेल्या रुळावर हातोडा मारायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू. तो आवाज क्वार्टरपर्यंत यायचा. पीठ मळता मळता तो सिंधूताईंनी किती वर्षं ऐकला होता, याचा देवरावांनी कधी विचार केला नव्हता.

गडवा खाली ठेवला. गॅस मोठा केला. पडलेलं पाणी उडालं, परत चर्र झालं, आणि ते उलथणं घेऊन, जीव मुठीत धरून, तो आवाज ऐकत परतत राहिले. कडेला तेल दिसू लागलं.

टण टण.

मग त्यांनी मटार टाकले, झाकण ठेवलं आणि पायलच्या हातातून वही घेऊन नोंद केली.

"आजी कॉपी पुरवून राहिली," पायल म्हणाली.

"मी बोलली का वं?" सिंधूताई म्हणाल्या. "चमचा पडला."

"तीनदा?"

वरून हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून पडला. पोळ्या मात्र देवरावांच्याच होत्या. एक नकाशासारखी आणि बाकीच्या त्याहून जाड. खिमा सगळ्यांनी परत मागून घेतला. सिंधूताईंचा डावा हात हळू चालत होता, पण चालत होता. दुसरी पोळी त्यांनी स्वतःच ओढून घेतली.

कामिनी हात धुऊन आली. "झाला बाबा चांगला. ठोक्यांचं मी काही ऐकलं नाही, असं म्हणू शकते."

"वही वाच आधी," देवराव म्हणाले.

पायलने वाचून दाखवलं.

६:३१. कोरडा समजून पाणी टाकू लागलो. वरून एक ठोका. थांबलो. नाही तं बुडाला असता.
६:४०. दोन ठोके. पुढे चालू.
शेरा: एकट्याने केला नाही.

"आता काय म्हणायचं?" कामिनी म्हणाली. "तुम्हीच नापास लिहून ठेवलं."

"खोटी नोंद मी खाणीत नाही केली."

"अन् जन्मभर पाणी बाहेर काढलं," सिंधूताई म्हणाल्या, "ते घरी येऊन खिम्यात टाकायले."

कामिनीने उरलेली पोळी उचलून उजेडात धरली. पलीकडचं काही दिसलं नाही. तिने फोन काढला आणि तिथेच उभी राहून शोभाताईंशी बोलली: स्वयंपाक नको, रोज संध्याकाळी फक्त पोळ्या करून जा, रविवारी त्यासुद्धा नकोत, पाव आणू.

"चालन?" तिने आईला विचारलं.

"पोळ्या चालन. डबे उघडायचे नाही."

देवरावांनी वही पुढे ओढली. पानाच्या तळाशी दोन रकाने होते, खाणीच्या वहीत पाळी बदलताना भरायचे तसेच: चार्ज कोणी दिला, चार्ज कोणी घेतला. पहिल्यात त्यांनी सही केली आणि पेन सिंधूताईंपुढे धरलं.

त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. मग परत दिलं.

"प्लास्टर निघाल्यावर," त्या म्हणाल्या. "अजून तुमचीच पाळी आहे. कढई भिजत टाका."