तिसरी ठिणगी

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. मुलुंडच्या एका औद्योगिक गाळ्यात, प्लास्टिकच्या कव्हराखाली, चार महिने बसून आहे. समोर कुणी वस्तू ठेवल्याशिवाय मला काहीच करता येत नाही.

माझं काम तसं सोपं. जुन्या वस्तूवर मी सुईच्या टोकाएवढी ठिणगी पाडतो. तांब्याची ठिणगी वेगळी, जस्ताची वेगळी, चांदीची वेगळी. त्या उजेडावरून वस्तू कशाची, ते कळतं. नाणी, मूर्ती, देवळांच्या भिंतींवरचे रंग, सगळं माझ्यासमोरून गेलं. नीलमताई मला चालवायच्या तेव्हा माझा थाट काय वर्णावा. "वरचं ते वरवरचंच असतं," असं म्हणत त्या एकाच जागी वीसदा ठिणगी पाडायच्या, थर उलगडत आतल्या खऱ्या धातूपर्यंत जायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि केतन आला. हुशार खरा, पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

एका दुपारी वाकोल्याच्या ॲग्नेसबाई आल्या, सोबत त्यांचे दीर व्हर्नन. त्यांच्या गावठाणातल्या मारियामाऊलीच्या मूर्तीला चांदीचा जुना मुकुट आहे. तो वर्षानुवर्षं ॲग्नेसबाईंच्या नवऱ्याने, अर्बनने सांभाळला. अर्बन गेला आणि कुजबुज सुरू झाली, की त्याने चांदीचा मुकुट विकून पितळेचा ठेवला. शहानिशा व्हावी म्हणून गावाने तो माझ्याकडे पाठवला.

सणाला मुकुटावर सोनेरी रंग चढवायची तिथली रीत. साहेबलोकांसमोर न्यायचा, म्हणून ॲग्नेसबाईंनी आदल्या दिवशी हौसेने आणखी एक हात दिला होता. तो सोनेरी रंग म्हणजे तांब्या-जस्ताची भुकटी, पितळच म्हणा ना. त्या बिचारीला हे कुठून ठाऊक असणार? केतनला ठाऊक असायला हवं होतं.

पहिली ठिणगी पडली. तांबं आणि जस्त. दुसरीतही तेच. तिसरीत मात्र चांदीची बारीक रेघ उमटली आणि मला हायसं वाटलं. चौथी पडली असती तर सगळं लख्ख झालं असतं. पण पहिल्या दोन ठिणग्यांतच केतनचं समाधान झालं होतं. तिसरीकडे न बघताच त्याने बटण बंद केलं आणि कागद छापला.

"पितळ आहे," तो म्हणाला.

"अर्बन तसा नव्हता रे," ॲग्नेसबाई हळूच म्हणाल्या. "परत एकदा बघ ना."

"आंटी, मशीन खोटं बोलत नाही."

"चल वहिनी," व्हर्नन म्हणाले. "कागदावर आलंय ना आता."

मशीन खोटं बोलत नाही! एवढी मोठी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. ॲग्नेसबाईंनी मुकुट टॉवेलात गुंडाळला आणि दिरामागे दोन पावलं अंतर ठेवून त्या निघून गेल्या.

पुढे नवं यंत्र आलं, माझ्यावर कव्हर पडलं. बोलायला कुणी नाही, म्हणून तीच दुपार पुन्हापुन्हा आठवत राहतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मी म्हणतो, गेलेल्या माणसाचं नावही जपा, आणि निकाल देण्याआधी त्याच जागी आणखी एकदा बघा. तिसऱ्या ठिणगीची नोंद अजून माझ्या पोटात आहे. मुलुंडला आलात तर हे कव्हर काढा, ती नोंद उघडा. मग वाकोल्याला जाऊन ॲग्नेसबाईंना सांगा, अर्बन चोर नव्हता.