हिरवी जीभ

"बाई, माझ्या बाबांची जीभ हिरवी का असते?"

हे विचारायची तुझी छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. रंगाऱ्याच्या पोरीने उभं राहून विचारून टाकलं. वर्ग फिदीफिदी हसला. एकट्या बाई हसल्या नाहीत.

"रंग चाखतात का गं ते?"

"मग काय! कढईत बोट बुडवून जिभेला लावतात. आंबटपणा बरोबर लागला की मगच सूत आत. अख्ख्या गावात अशी जीभ नाही कुणाची." सांगताना तिची मान ताठ झाली होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बसवलं. "रंग दिसतो, तो थुंकता तरी येतो. पण रंग पक्का करायला जी भुकटी टाकतात ना, तिच्यात जड धातू असतात. ते दिसत नाहीत, आणि पोटात गेले की सहजी निघत नाहीत."

घरी येताना ती परसातल्या चरापाशी थबकली. कढईचं पाणी त्यातूनच शेताकडे जायचं. काठाला गवताची काडी नव्हती. आजवर तिला वाटायचं, जमीनच नाठाळ आहे.

दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. बाबांनी घास घेतला.

"आजपण मीठ विसरलीस."

"विसरले खरी," आई म्हणाली आणि चिमूटभर मीठ त्यांच्या वाटीत टाकलं. त्यांची वाटी आई नेहमी वेगळी काढायची. का, ते पोरीने कधी विचारलं नव्हतं. आज तिने त्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. एका चिमटीने एवढं खारट होणं शक्यच नव्हतं.

आईने नजर चुकवली.

"माझ्या जिभेत आता राम नाही," बाबा म्हणाले. "कालचं सूतही फसलं. उद्यापासून कढईवर तू. तुझी जीभ माझ्यावर गेलीय."

हे ऐकायला ती लहानपणापासून आसुसली होती. आता ऐकलं, तर तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

"कढईवर येईन, बाबा. आंबटपणा ओळखायच्या कागदी पट्ट्या असतात, बाईंकडून आणते. पण माझं बोट तोंडात जाणार नाही, आणि तुमचंही जाऊ देणार नाही. ती भुकटी घरात असेपर्यंत कढईखाली जाळ नाही." मग ती आईकडे वळली. "आणि आई, उद्यापासून बाबांनाही आपल्यातलंच वाढ. जीभ किती गेलीय, कळू दे त्यांना."