सहा वर्षांची रजा

गेलेली नोकरी परत मिळालेला माणूस हसतमुखाने घरी येईल, असं तुम्हाआम्हाला वाटतं. पातळीवाले मात्र कोर्टाचा निकाल खिशात असूनही गोंधळलेल्या चेहऱ्याने आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे वाचून नदीच्या पाण्याची पातळी रोज वहीत लिहायची, ही त्यांची सरकारी नोकरी. म्हणून हे नाव पडलं. सहा वर्षांपूर्वी ऐन पुरात खोटा आकडा लिहिला, असा ठपका ठेवून खात्याने त्यांना काढून टाकलं. आकडा खरा होता, चौकशीच धड झाली नव्हती, हे कोर्टात सिद्ध झालं. निकाल स्वच्छ होता. कामावर घ्या, मधला पगार द्या, नोकरीत खंड धरू नका.

आणि हेडक्लार्कने आज त्यांच्या हातात दिला छापील रजेचा अर्ज!

"सहा वर्षं बिनपगारी रजा," तो म्हणाला होता. "सही केलीत की उद्या हजर व्हा."

"पण मी रजेवर गेलोच कधी?"

"अहो, सेवापुस्तकात काहीतरी दाखवावं लागतं. सगळे करतात. नाहीतर फाइल वर जाईल, मग खाली कधी येईल कुणास ठाऊक."

पातळीवाल्यांनी हे सगळं घरी सांगितलं. बायकोने शिलाई मशीन न थांबवताच म्हटलं, "करून टाका सही. सहा वर्षं शिवून शिवून माझी पाठ गेलीय."

तिचंही खरं होतं. कोर्टाचंही खरं होतं. हेडक्लार्कचंही खरंच असावं, इतका तो सहज बोलला होता. पातळीवाल्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

मुलीकडे मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि अर्ज वाचला.

"जावईबापू, इथे 'घरगुती कारणास्तव' छापलंय. तुमचं घरगुती कारण काय होतं?"

"काहीच नाही."

"मग ही नोंद खरी की खोटी?"

पातळीवाल्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला.

"खोट्या नोंदीसाठी तुम्हाला काढलं. ती तुम्ही केलीच नव्हती. ही मात्र स्वतःच्या हाताने करणार. शिवाय रजा धरली की पगार बुडाला, बढती लांबली, पेन्शनही घटली. आणि चूक खात्याची होती, हे कागदावरून पुसलं गेलं ते वेगळंच."

मशीन थांबलं. "राहू दे सही," बायको म्हणाली. "आणखी चार महिने शिवीन मी."

दुसऱ्या दिवशी पातळीवाल्यांनी 'घरगुती' खोडून कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'खात्याने चुकीने काढल्यामुळे', आणि सही न करताच अर्ज पुढे केला.

हेडक्लार्क दचकला. "असं कसं वर पाठवू?"

"मग कसं पाठवायचं, ते तुम्हीच सांगा. मला खरंच कळत नाही."

आता गोंधळायची पाळी हेडक्लार्कची होती. त्याने फाइलमधला निकाल काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला.

"मी हे वाचलंच नव्हतं हो," तो ओशाळून म्हणाला. "सवयीने अर्ज पुढे करत आलो. किती जणांच्या सह्या घेतल्या असतील, देव जाणे." त्याने अर्ज फाडला आणि फाइलवर लिहिलं, 'हा सर्व काळ कामावरचाच धरावा.' "फाइल वर जाईल, वेळ लागेल. पण तुम्ही आजच हजर व्हा. त्यासाठी या अर्जाची गरजच नव्हती."

मंडळी, अन्यायाने घालवलेली नोकरी परत देणं ही मेहेरबानी नव्हे, आणि हिरावलेली वर्षं ही कुणाची रजा नव्हे. आपल्यापुढे आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नये, आणि टेबलापलीकडच्यानेही तो वाचल्याशिवाय पुढे करू नये.

फाइल खाली यायला पाच महिने लागले, पण पगारासकट आली. पातळीवाले मात्र हजर झाले त्याच दिवशी पुलाखाली उतरले, खांबाकडे नीट पाहिलं आणि जो आकडा दिसला तोच वहीत लिहिला.