मागून आलेला आवाज

“हिचा हात नको मालाला. हिच्यातून कोन बोलतं, कुनाला म्हाईत?”

मागून कुणीतरी म्हणालं. रखमाचा हात दोरीपाशीच थांबला. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, पुढची उचलायची. तिची बोटं हे झोपेतही करतील. पण हातातली जोडी तिनं पाटीत ठेवली आणि वळून पाहिलं.

दातिवऱ्याच्या वाळूत काशीबाईची वलांडी उभी होती. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर चंदेरी बोंबील. मागच्या दोरीपलीकडे काशीबाई, किंजल आणि आणखी दोघी. चौघींच्या माना खाली. किंजलच्या ओठांवर हसू होतं, की पाण्यावरनं आलेली तिरीप?

“कोन काय बोललं का गो?” रखमानं विचारलं.

“नाय बा,” काशीबाई म्हणाली. “तुला काय आयकू आलं?”

कुणीतरी नाकातून हसलं. की वाराच तो, दोरीतून गेलेला?

कानातले आवाज थांबल्याला दोन पावसाळे झाले होते. आता पुन्हा? काल रात्री गोळी घेतली होती. पाण्याचा तांब्याही आठवत होता. आठवतो तो कालचाच ना? समुद्र नेहमीसारखा गाजत होता, पण त्या गाजेतही कुणी तिचं नाव घेतंय का, असं तिला वाटून गेलं. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, ते अशाच एका दिवसानंतर. हे काम गेलं तर दिवसभर घरात, चार भिंती आणि कान.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, आवाज आला की भरवशाच्या माणसाला विचारायचं. ते माणूस एकच, भावजय हेमाली. ती खाडीवर धुतलेली मासळी घेऊन नुकती काशीबाईच्या मागे येऊन उभी होती, डोक्यावरची पाटीही अजून उतरवली नव्हती.

“हेमाली, तू आयकलं काय?”

हेमालीनं काशीबाईकडे पाहिलं. मग वाळूकडे. तिचा नवरा देवू, रखमाचा धाकटा भाऊ, त्याच डॉक्टरीणबाईंकडे जायचा. त्यांनी दोघांच्या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हटलं होतं. गावानं भावाला दर्याचा वारा लागला म्हटलं, लग्न लावून दिलं, होडीवर घेतलं. बहिणीला मात्र बाहेरचं लागलं. देवूच्या गोळ्या हेमाली तांदळाच्या डब्यात लपवायची.

“आयकलं, ताई,” ती म्हणाली. “काकी बोलली.”

रखमानं डोळे मिटले. छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की किंजल चपापून मागे सरली.

“तूसुदा तिच्या नादी लागली काय गो?” काशीबाई म्हणाली.

“नादी कशाला? ताई घेते त्याच गोल्या आमचे हे घेतात. तुमच्याच होडीवर जातात ना? त्यांनी धरलेली मासली चालते तुमाला.”

किंजलनं पदर तोंडाशी धरला.

“पुरुषाचं वेगलं असतं, पोरी,” काशीबाई हळू आवाजात म्हणाली. “त्याला पाठीमागं बाय असते सांभालायला. हिच्या पाठीमागं कोन?” मग आवाज चढवून, “आन बोईसरचे व्यापारी विचारतात, माल कोनाच्या हातचा. रखमा, तू उद्यापासून येऊ नको.”

पाटीत उरलेले बोंबील रखमानं जोडीजोडीनं दोरीवर चढवले. हेमाली समोरच्या बाजूला येऊन दोरी धरून उभी राहिली. पाटी रिकामी झाल्यावर रखमानं ती खाडीच्या पाण्यात घासून धुतली, आणून काशीबाईसमोर पालथी घातली.

“काकी, उद्यापासून नको, हे तूच बोलली ना?”

काशीबाई वर पाहीना. “हां. मीच बोलली.”

“मग ठीक हाय,” रखमा म्हणाली, आणि ओले हात पदराला पुसत वाळूतून घराकडे चालू लागली.