माझा तिसावा खळगा

दचकू नका. शिलाई मशीनच्या शेजारी, जमिनीलगत बघा. बोलतोय तो मी, अंड्यांचा ट्रे. रंगाने राखाडी, अंगाने खरबरीत. मला कोणी सुंदर म्हणत नाही आणि मीही ते मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म रद्दीतून झाला. जुनी वर्तमानपत्रं, फाटके खोके, कोणाकोणाच्या परीक्षेचे पेपर, सगळं हौदात भिजवून त्याचा लगदा करतात. तो साच्यावर बसवला आणि वाळवला की झालो आम्ही. माझ्या अंगात पाच ओळी, एकेका ओळीत सहा खळगे. म्हणजे तीस अंड्यांचं घर.

कोंबड्यांच्या शेडमधून मी अंडी घेऊन एका बेकरीत पोचलो. अंडी फुटली, केकमध्ये गेली आणि आम्हा रिकाम्या ट्रेंची थप्पी भट्टीच्या मागे लागली. भट्टीच्या मागे का, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण तिथल्या एका कारागिराने आमच्यातले काही जण काखेत मारले आणि घरी नेले. त्याच्या बायकोने मागितले होते.

ती घरी काज-बटणं करते. शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे येतात आणि ही बसल्या जागी काजं विणते, बटणं लावते. बटणांचे रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिने ती माझ्या खळग्यांत वाटून ठेवली. मला हे काम पसंत पडलं. अंडी सांभाळताना बसायचो तसं जीव मुठीत धरून बसावं लागत नाही.

घरात त्यांची एकच मुलगी, पाचवीतली. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. पण मी आलो तेव्हा ही भिंगरी सकाळ झाली की पोट धरून भिंतीला टेकून बसायची. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि काही नाही म्हणाले. सुट्टीच्या दिवशी ते दुखत नसे, यावरून आईने काय ते ओळखलं होतं.

वर्गात तीसपर्यंतचे पाढे उभं राहून म्हणायचे होते. बाईंचं सांगणं असं की वीसच्या पुढचे पाढे घोकायचे नाहीत, मनात बेरीज करत म्हणायचे. भिंगरीची गाडी अठ्ठावीसपर्यंत झोकात जायची आणि एकोणतीसला उलटायची. गंमत म्हणजे पहिली ओळ दरवेळी बरोबर. एकोणतीस एके एकोणतीस. त्यामुळे गोम कुठे आहे ते कोणाच्या लक्षात येईना. दुसऱ्या ओळीला वर्ग हसायला लागायचा आणि ती पुढचं न म्हणताच खाली बसायची. घरी आईच्या मागोमाग म्हणताना मात्र सगळं नीट. शेवटी बाईंनी निरोप पाठवला की पुढच्या सोमवारपर्यंत जमलं नाही तर तिला कच्च्या मुलांच्या तुकडीत बसवावं लागेल.

आईचा जीव टांगणीला लागला. ती स्वतः सातवीनंतर घरी बसली होती, गणिताने घाबरवलं म्हणून. सुई चालवता चालवता ती नवऱ्याला म्हणाली की पोरीने माझंच डोकं उचललंय, आता तीही माझ्यासारखी घरी बसणार. तो म्हणाला, "माझं उचललं असतं तर पिठाच्या पोत्यावर झोपून राहिली असती. त्यापेक्षा बरं." तिला हसू आलं नाही.

सोमवारच्या आदल्या दुपारी तिने ओरडून बघितलं, लाडीगोडी लावून बघितली. मग आईची नजर माझ्यावर पडली. तिने मला रिकामं केलं, बटणांचा ढीग पुढ्यात ओतला आणि म्हणाली, "एकोणतीस बटणं मांड. एका खळग्यात एक."

भिंगरीने भराभर मला भरलं, शेवटच्या खळग्यापर्यंत. आणि हात लांबवून कोपऱ्यातला दुसरा ट्रे ओढला.

"तो कशाला आता?"

"एकात मावत नाहीत ना. तीस यात, नऊ त्यात."

आईचा हात जागच्या जागी थांबला. "नऊ कुठून आणलेस?"

"बत्तीस म्हणजे दोन आणि तीस. तेहतीस म्हणजे तीन आणि तीस. मग एकोणतीस म्हणजे नऊ आणि तीस. एकोणीसमध्ये पण नऊच असतात की."

आई रागवायला तोंड उघडणार होती. पण तिने विचारलं, "मग दुणे किती?"

"अठ्ठ्याहत्तर. त्रिक एकशे सतरा."

आईने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग पदर तोंडाला लावून ती हसली की रडली ते मला खालून नीट दिसलं नाही. "अगं वेडाबाई," ती म्हणाली, "तू एकोणचाळीसचा पाढा म्हणत होतीस. आणि बिनचूक."

तिने माझ्या तिसाव्या खळग्यातलं बटण उचललं. एकोण म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी, असं तिने सांगितलं. भिंगरी त्या रिकाम्या खळग्याकडे टक लावून बघत राहिली.

"मग सरळ तसंच का नाही म्हणत?"

"मला काय विचारतेस? बारशाला मी नव्हते."

पुढचं काम सोपं होतं. माझी सगळी भावंडं बाहेर निघाली. सात ट्रे मांडले की दोनशे दहा, पण प्रत्येकात एक खळगा रिकामा, म्हणून सात वजा. एकोणतीस साते दोनशे तीन. आठे दोनशे बत्तीस. कारागीर घरी आला तर पाय ठेवायला जागा नाही. बेकरी इकडेच हलवली का, असं विचारून तो उंबऱ्यावरच बसला आणि तिथूनच नव्वे विचारलं. त्याने चपला काढायच्या आत भिंगरीने उत्तर दिलं.

सोमवारी आईचं कामात लक्ष नव्हतं. एका शर्टाला तिने काजांच्या बाजूलाच बटणं लावली आणि उसवत बसली. शाळा सुटली तशी भिंगरी धावत आली, दप्तर फेकलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पाढा झाला. झाल्यावर तिने बाईंना विचारलं की एकोणचाळीसचा म्हणू का, तो मला आधीपासून येतो. बाईंनी म्हणायला लावला, ही चूक कशी झाली ते फळ्यापाशी येऊन सांगायला लावलं, आणि आणखी दोघांनी हात वर करून आम्हीही तसंच मोजायचो म्हणून कबूल केलं. तुकडी बदलायचा विषय बाईंनी काढलाच नाही.

आईने सुई कापडाला टोचून ठेवली. चहा केला आणि कितीतरी दिवसांनी तो गरम असताना प्यायली.

आता माझी एक कड मऊ पडलीय. दोन खळगे फाटलेत, त्यांना तिने दोऱ्याचे टाके घातलेत. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. जायच्या आधी तुम्हा आईबापांना हात जोडून एवढंच सांगतो की लेकराचं उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका. ते कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, तेवढं एकदा विचारा.

आत्ताच भिंगरी शाळेला निघाली. मागे वळून न बघता पळाली. आणि आई, जी रोज गल्लीच्या टोकापर्यंत तिच्याकडे बघत दारात उभी राहायची, ती लगेच आत आली आणि गाणं गुणगुणत सुईत दोरा ओवायला बसली.