चौथा कोपरा

"तठून नोको जाऊ माय. वळसा घे."

शेताच्या मालकीण पार्बताबाईंचा आवाज मागून आला तेव्हा शाइस्ता तीन कोपरे संपवून चौथ्याकडे निघाली होती. मोबाइल दोन्ही हातांत आडवा, नजर पडद्यावर. पडद्यावर आकाशातून काढलेल्या फोटोत शेत दिसत होतं आणि ती चालेल तशी बांधावरून एक हिरवी रेघ सरकत होती.

बाळापूरकडच्या सहा गावांत हा प्रयोग चालला होता. मोबाइल घेऊन शेताच्या हद्दीवरून चालायचं, प्रत्येक कोपऱ्यात अर्धा मिनिट हलायचं नाही, आत काय आहे ते नोंदवायचं. मग त्या शेतात कोणीही कॅमेरा समोर धरला की खऱ्या बांधावर हिरवी रेघ आणि खऱ्या पिकावर त्याचं नाव तरंगताना दिसे. पुढे गारपीट झालीच तर कोणाच्या हद्दीतलं किती गेलं ते वरूनच कळणार होतं. निदान सांगितलं तरी तसं होतं.

शाइस्ता बी.एस्सी. झालेली. तीन महिन्यांत तिने दीडशेवर शेतं चालून काढली होती. सुरुवातीला तिला पिकं दिसायची, माणसं दिसायची. आता रेघ तेवढी दिसे. मध्येच फोन आला तर रेघ तुटायची, म्हणून येणारे फोन बंद ठेवावे लागत. चौदा महिन्यांच्या अफनानला सकाळपासून ताप होता, तो सासूजवळ होता, आणि एकेका शेतापायी वीस-वीस मिनिटं तिला काही कळायची सोय नव्हती. भीतीसुद्धा आता रेघ संपल्यावरच वाटायची.

"काहून मावशी? साप हाय का तठी?"

"साप कायचा. माही पोट्टी हाय."

चौथ्या कोपऱ्यातल्या हिवराच्या बुंध्याशी एक काळा दगड होता. त्याच्या भोवती हातभर जागा झाडून काढल्यासारखी साफ. पार्बताबाईंनी पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं, "नऊ दिसाची होती. बारसंबी नाही झालं. एवढ्याश्या लेकराले जाळत नाही, म्हणून वावरात ठेवली. बत्तीस वर्स झाले."

कबरीवरून पाय टाकायचा नसतो हे शाइस्ताला कोणी समजावायची गरज नव्हती. ती वळसा घालून गेली. पडद्यावर रेघेला खाच पडली आणि खाली लाल अक्षरं उमटली. हद्द जुळत नाही.

तिने आधी घरी फोन लावला. सासू म्हणाली, "उतर गया बुखार, सोया है. तू तेरा काम कर." मग अकोल्याला जीवन सरांना लावला. सहाही गावांचं काम तेच पाहत.

"मॅडम, खाच नाही चालत. आज शेवटचा दिवस हाय, पाचले सगळं बंद होते. चार वाजून गेले. नसन जमत तर सोडा ते वावर. दीडशेत एकानं काय होते?"

फोनचा आवाज मोठा होता. पार्बताबाईंनी सगळं ऐकलं.

"सोडू नोको माय. मांगच्या गारपिटीत सारे वांगे झोडपले न् पंचनाम्यात आमचं वावर राहूनच गेलं. ह्याच्यात तरी येऊ दे."

"मंग कोपऱ्यातच जा लागते मावशी. तठीच उभं राहा लागते."

पार्बताबाईंनी पदर खोचला.

"तू नोको जाऊ. मी जातो. आण ते इकडे."

रेघ पहिल्यापासून काढावी लागणार होती. शाइस्ताने त्यांच्या हातात मोबाइल ठेवला. "असाच आडवा धरा. हलवू नका."

"दुधाचं गंज आणतो का नाही काठोकाठ भरलेलं? तसंच ना?"

"तसंच."

साठीच्या पार्बताबाई बांधाबांधाने चालत गेल्या. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या अलीकडे त्यांनी चपला काढल्या. दगड आणि बुंधा यांच्यामध्ये एका पावलापुरती वाट होती, तिथे खाली न पाहता पाय ठेवला आणि उभ्या राहिल्या. शाइस्ता लांबून आकडे मोजत होती. तीसला मोबाइल वाजला.

"झालं काय वो?"

"झालं. या."

कोपऱ्यात पीक नव्हतं, म्हणून त्याची नोंद वेगळी करायची होती. पर्याय पाचच: पीक, पडीक, विहीर, घर, रस्ता. शाइस्ताच्या अंगठ्याने सवयीने 'पडीक' दाबलं. शेतकऱ्याला दाखवायचं असतं म्हणून तिने कॅमेरा उचलून धरला. खरा हिवर, खरा दगड आणि त्यावर अधांतरी पांढरी अक्षरं. साक्षरतेच्या वर्गात पार्बताबाई अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी हवेत बोट धरून वाचलं.

"प. डी. क."

"पीक नसन तर तसंच लिवा लागते, मावशी."

"पडीक त्याले म्हंते जठी तन माजते." आवाज चढला नव्हता. "बत्तीस वर्सात मी तठी तन उगू देल्लं नाही. बाकीचं वावर एखांद्या वक्ती निंदाचं राहून जाते. तेवढं नाही राहत."

शाइस्ताने नोंद पुसली. 'घर' दाबलं, तर छताचा फोटो मागितला. 'पीक' दाबलं, तर नाव आणि उभ्या पिकाचा फोटो. पाचला वीस मिनिटं होती.

"पीक म्हटलं त फोटोत पीक दिसा लागते," ती म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली.

पार्बताबाईंनी खुरपं उचललं. शेताच्या कडेला लावलेल्या झेंडूच्या ओळीत गेल्या आणि मातीच्या गोळ्यासकट तीन रोपं तळहातावर एकेक करून आणली. दगडापाशी बसल्या. माती उकरताना दर वेळी बोटभर खोल गेलं की हात थांबत होता.

"अजून थोडं खोल घ्या ना. नाहीत लागाचे असे."

"खोल नोको. वरवरच लावतो."

त्यांनी रोपं बसवली, ओंजळीने पाणी घातलं, माती दाबली. दाबली म्हणजे थोपटलीच.

"झेंडू लिव."

शाइस्ताने लिहिलं. "फोटोत माणूस चालत नाही, मावशी. जरा बाजूले होता का?"

पार्बताबाई उठल्या. मातीने भरलेले हात अंगापासून दूर धरून तीन पावलं मागे सरल्या. शाइस्ताने फोटो काढून पाठवला. पाठवून झाल्यावर तो मोठा करून पाहिला. तीन रोपं होती, एकाने आताच मान टाकली होती. आणि तिन्हींच्या बुडाशी, ओल्या मातीत, बोटांचे ठसे होते.

"गेलं काय?"

"गेलं."

"बरं झालं," पार्बताबाई म्हणाल्या आणि मान टाकलेल्या रोपाला टेकू द्यायला काडी शोधू लागल्या.